हॉलमधलं अंथरूण

“हॅलो? … हो, मीच. आवाज असा का येतोय? … कुठून बोलताय?”

एग्मोरहून, दवाखान्याबाहेरच्या बाकावरून, असं तिच्या नवऱ्याने, दिनानाथनी, सांगितलं. कल्पनाने गॅस बंद केला. सकाळी ते नेहमीसारखे श्रीपेरुंबुदूरला जाणारी कंपनीची बस पकडायला निघाले होते.

“दवाखान्यात? काय होतंय? … बरं, मग गेलात कशाला? … हो, ऐकतेय. सांगा ना.”

घरी समोरासमोर जमत नाही म्हणून फोन केला, म्हणाले. दोन वर्षांपूर्वी पाठदुखीचं निमित्त करून त्यांनी हॉलमध्ये अंथरूण घातलं होतं. पाठ कधी दुखतच नव्हती. बायकोजवळ गेलं की शरीर साथ देत नव्हतं, ताठरपणा येत नव्हता, आणि ते तिला कोणत्या तोंडाने सांगायचं हे कळत नव्हतं.

कल्पना स्टुलावर बसली.

“एवढंच होतं? … नाही हो, हसत नाहीये. अहो, ऐका ना… मला वाटलं, मीच आता तुम्हाला नकोशी झालेय. … हो, दोन वर्षं. केस रंगवायला लागले ते कशासाठी?”

तिला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. सांगलीहून आलेली ती, तमिळचा एक शब्द येत नव्हता, आणि राहायला गच्चीवरची एकच खोली. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की दिनानाथ हातभर लांब मोगऱ्याचा गजरा घेऊन यायचे. उकाड्यात दोघं बाहेर चटई टाकून झोपायची.

“आठवतं? टाकी भरली का बघायला घरमालकीण वर यायच्या, आणि तुम्ही चादर डोक्यावरून… हो, त्याच. जिन्यातूनच खोकायच्या बिचाऱ्या.”

दिनानाथ हसले. किती दिवसांनी.

“बरं, डॉक्टर काय म्हणाले? … बाई आहेत? … मग?”

डॉक्टर कनकांकडे त्यांनी नुसती गोळी मागितली होती. बाईंनी साखर, रक्तदाब, सिगारेट, सगळं विचारलं. ताठरपणा यायला तिथे रक्त भरावं लागतं, म्हणाल्या, आणि तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक. आतून अरुंद व्हायला लागल्या की खूण पुष्कळदा आधी तिथेच दिसते. जिना चढताना छाती भरून येते हे ऐकल्यावर त्यांनी गोळी लिहिलीच नाही. आधी हृदयाची तपासणी, आणि तीही आजच. तेव्हा दिनानाथ घाबरून बाहेर येऊन बसले होते. घरीच येतो, म्हणत होते.

“छाती भरून येते? हे मला आत्ता कळतंय… नाही, घरी यायचं नाही. … गोळीचं नंतर बघू. … हो, मलाही हवंय ते. का नको असेल? पण आधी तुम्ही हवे आहात.”

तिने उठून पर्स खांद्याला लावली.

“आत जा, नाव सांगा. मी मेट्रोने येते. … हो, निघालेच. ठेवा आता.”

फोन बंद करायचं विसरून त्यांनी तो तसाच खिशात टाकला. कल्पनाला सावकाश पावलं ऐकू आली, मग दार. सोबत कोण आहे, असं नर्सने तमिळमध्ये विचारलं. इतक्या वर्षांनीही मोडकीच राहिलेल्या तमिळमध्ये दिनानाथनी सांगितलं, बायको येतेय.

मग तिने फोन ठेवला.