काळे करायचे गोल

दवाखान्याच्या उन्हाने तापलेल्या खोलीत म्हातारा पुस्तक उघडून पेंगत होता. शेजारच्या आत्या-भाचीचं बोलणं त्याला पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं.

“घराण्याच्या या तक्त्यात बाई म्हणजे गोल, आत्या. जिला स्तनाचा कर्करोग झाला, तिचा काळा करायचा.”

“आणि या रेघा? कोळ्याचं जाळंच की गं!”

“आपण लग्नं आपसातच करतो ना. म्हणून रक्तातून येणारा हा दोष आपल्या समाजात जास्त सापडतो म्हणे.”

“मग तुझ्या थोरल्या आत्याचा गोल काळा कर.”

“ती तर तापाने गेली!”

“तसं सांगायचं ठरलं होतं. तुम्हा पोरींची लग्नं अडली असती.”

“कमाल आहे तुमची! अजून कोण लपवलंय?”

“पेन्सिल दे इकडे.”

“अगं आत्या, हा तर तुझाच गोल काळा केलास!”

“माहीत आहे. गाठ वर्षाची झाली. आत जाऊन तपासणीसाठी आपल्या दोघींची नावं सांग.”