ओंजळ कर म्हन्लं

माझ्या खोड्या तुम्हाला माहितीच हायेत बायांनो, पन कालची खोडी माझ्याच अंगावर आली. माझ्या पिंकीसंगं तिच्या वर्गातली पाटलाची वैष्णवी आपल्या बुद्धवाड्यात आल्ती. "आजी, पानी द्या," म्हन्ली.

मी तांब्या घेतला. "ओंजळ कर, वरून वतते."

"वरून कशाला?"

"तुझी आजी मला असंच पाजायची. तुमच्या वावरात खुरपायला जायचे मी, पन तांब्याला हात लावू देत नव्हती."

मी हसले. पोरगी न्हाई हसली. पिंकी रडकुंडीला आली. "आजी, शाळेत आमी एकाच बाटलीतून पितो. तू आमची दोस्ती तोडायला लागलीस."

मला वाटलं, आता वैष्णवी दप्तर उचलून जाती. तर तिनं माझ्या हातचा तांब्याच घेतला, तोंड लावून प्याली अन् उरलेलं माझ्यापुढं धरलं. "आता तुमी प्या."

प्याले गुमान.

"उद्या आमच्या घरी या. आजी वरून वतायला लागली तर ओंजळ करू नका, तांब्या मागा."

"अन् न्हाई दिला तर?"

"तर मी बी त्या घरचं पानी न्हाई पिनार."

आज सांजच्याला जायचंय. म्हनून तुमचा चहा नको बायांनो. तिथं तहान लागलेली पायजे.