रेंजवर बोट दाखवू नये

—आणि तो हात पयला खिशात घाला, पावणं. उजवा, उजवा. बोट खाली. आवो, तुमी दारातनं आत पाऊल टाकलं आणि सरळ माझ्या छातीकडं बोट करून इचारलं, ‘शूटिंगचा क्लब हाच का’ — हाच की, पण असं इचारत्यात व्हय? भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिव्हलंय, रेंजवर बोट दाखवू नये, रंगसुद्धा फाउंड्रीतला चांगला लाल. दुसरा कोण असता तर जाग्यावर बाद केला असता. तुमी नवीन, म्हणून सोडतो. काय? पोलीस स्टेशनातनं आलाय? परवान्याच्या चौकशीला? …आरं द्येवा. बसा सायेब, बसा की. ती खुर्ची घ्या. पण हात खिशातच ऱ्हाऊ द्या, तेवढं मातूर खरं. वर्दी बगून नियम बदलायला लागलो तर मी रेंज ऑफिसर कशापायी?

मी हंबीरराव. हितंच शिरोली एमआयडीसीत, ह्याच फाउंड्रीत तीस वरसं काढली, शेवटची बारा फोरमन म्हणून. आता रिटायर. शेड मालकांची — उदयसिंह मालक, क्लबबी त्यांच्याच डोक्यातनं निघाला. त्यांनी कुठंतरी भायेरच्या देशात बगितलं — एका जाग्यावर हुभं राहून नेम धरायचा, तसला खेळ न्हवं ह्यो. ह्यात पळायचं. दाराआडनं, खिडकीतनं, वाकून, लोळून, पुट्ठ्याच्या माणसांवर गोळ्या घालायच्या, आणि घड्याळ लावून. मालक आले, म्हणले, हंबीरराव, तुमचा आवाज मोठा हाय, शिस्त हाय, तुमी रेंज ऑफिसर. तवापासनं चार वरसं दर रविवारी हितं माझा हुकूम चालतो. फाउंड्रीत मी त्यांना आणि त्यांच्या बापाला जी मालक, जी मालक म्हणत आलो — आणि हितं ते मला म्हणत्यात, ‘जी आरओ’ — आरओ म्हंजे रेंज ऑफिसर. सगळ्यांदेखत. काय समजलं?

पिस्तुलं कुठं ठेवता? आता बगा, हितंच समद्यांचा घोळ हुतो. पिस्तूल न्हाय. एकबी न्हाय. परवाना आल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाय, हे पयल्याच बैठकीत ठरलं, कायदा म्हंजे कायदा. मग चार वरसं काय करता म्हणता? खेळतो की! बोटानं. ह्ये असं— थांबा, आधी रेषेवर जाऊ द्या, हितनं काढता येत न्हाय. हसू नका सायेब. हसायचं काय त्यात? मलकापुरात दुसरा एक क्लब हाय, ते लाकडी पिस्तुलं घिऊन खेळत्यात, आमी त्याला लबाडी समजतो. लाकूड ते लाकूड. बोटात जीव हाय, बोटाची जबाबदारी असती. पिस्तूल पेटीत कुलपात घालता येतं, बोट कुठं घालणार? म्हणून नियम आमच्यात जास्त कडक. रेषेच्या माघारी बोट वळलं की बाद. पळताना बोट वाकडं झालं की बाद. चहा आला की उजवा हात खिशात, डाव्यानं प्यायचा. कान खाजवायचा तर सेफ्टी टेबलापाशी जायाचं, भिंतीकडं तोंड करून, आणि एकट्यानं.

मी कुणाला सोडलो न्हाय. गेल्या पावसाळ्यात पाण्याचा टँकरवाला गेटावर आला, त्येनं इचारलं, हायवेला कसं जायाचं — आणि मालकांनी दाखवलं की बोट! ‘पुढनं उजवीकडं’ म्हणून. भरलेलं बोट, सायेब! मॅच चालू, भरल्या बोटानं टँकर ड्रायव्हरला नेमात घेतला! मी वरडलो, ‘स्टॉप!’ टँकरवाल्यानं दोन्ही हात वर केलं. मालक म्हणले, आवो हंबीरराव, रस्ता दाखवत हुतो. म्हणलं, रस्ता हनुवटीनं दाखवायचा असतो. बाद. आणि बाद झालेल्यानं सगळ्या मंडळाला मटण घालायचं, ही आमची पद्धत, पांढरा-तांबडा रस्सा सगळा रीतसर. मालक निमूट घातले. वाढतानासुद्धा इचारलं, आरओ, पळी उजव्या हातात धरली तर चालंल का? मी म्हणलं, चालंल.

सामानाचं इचारताय? इचारा, इचारा, सामानावर आमच्यात भांडणं झाल्यात. दोन गट हायत. साधा गट आणि ओपन गट. नख पाच मिलिमीटरच्या आत असंल तर साधा, वर गेलं की ओपन — नळी लांब झाली न्हवं का. दर मॅचच्या आधी व्हर्नियर लावून नख मोजतो. पयलं मी वाचायचो, आता आकडा आमच्यातले अंबादास सर वाचत्यात, मी धरतो. मालकांनी एकदा काय केलं, घरातनं बायकोची टिकली आणली आणि अंगठ्याच्या पेरावर चिकटवली, म्हणले ही माझी लाल ठिपक्याची दुर्बीण, नेमाला. तीन रविवार वाद चालला. शेवटी मंजूर केली, पण ओपनमधी. आता टिकल्यांचं पाकीट कपाटात हाय, घाम आला की गळत्यात, म्हणून जादा. बोट ठेवायचं कमरेचं पाकीट मालकांचं प्लास्टिकचं, परदेशी, आणि माझं हितल्याच चपलीवाल्याकडनं शिवून घेतलेलं, कातड्याचं, हात घातला की कर्रर्र वाजतंय. चपलीवाला म्हणला, नुसतं शिवू का वाजतं शिवू? म्हणलं वाजतं शीव. मालक म्हणत्यात आवाजानं लक्ष इचलित हुतं. म्हणलं, ज्येचं हुतं त्येनं कानात बोळे घालावं. आणि काडतुसांचा पट्टा म्हणून बिस्किटाचे पुडे. एक पुडा म्हंजे धा गोळ्या. पुडा तळव्यावर असा थाड् करून मारला की भरलं. अंबादास सरांनी मागल्या संक्रांतीला साखर कमी झाली म्हणून मॅच चालू असताना चार बिस्किटं खाल्ली — मी सहा गोळ्यांवर थांबवलं त्यांना. दारूगोळा खाल्ला तर दारूगोळा कमी हुणारच की.

हां, नेम. नेम कळतो कसा. आता हे इचारलं, हे बरं इचारलं. टायमर खरा हाय, त्यो आपण ‘ठो’ म्हणलं की वेळ टिपतो. पण गोळी कुठं लागली ते ज्येनं मारली त्येनंच सांगायचं. इमानानं. मी इचारतो, कुठं? त्यो सांगतो, मधोमध. मी लिव्हून घेतो. चार वरसं झाली, समद्यांची मधोमधच लागती. मग निकाल लागतो वेळेवर आणि शिस्तीवर — आणि त्यात माझ्याफुडं कोण न्हाय. चार वरसं, चार ढाली. आरओनं खेळू नये असं कुठं लिव्हलेलं न्हाय. त्या बगा वर मांडल्यात. खालच्या फळीवर मालकांच्या, दुसऱ्या नंबरच्या.

फकस्त एकदा… जाऊ द्या. न्हाय, सांगतो की. अंबादास सर, हायस्कूलला गणित शिकवायचे, आता पंच्याहत्तरीत हायत. कवळीमुळं त्यांचा ‘ठो’ म्हंजे ‘फो’ येतो, तरी येत्यात दर रविवारी. दिवाळीच्या मॅचला खिडकीतनं दोन गोळ्या मारल्या. मी इचारलं, कुठं? ते म्हणले, पयली मधोमध. दुसरी… लागली नाही. मी म्हणलं, सर, काय म्हणला? ‘लागली नाही हो, हंबीरराव. माझा हात हलला.’ सायेब, बोट हुतं ते! बोटाची गोळी चुकती कशी? पण सर ऐकंनात. अपील कमिटी बसवली, सरांना समजावलं, जरा कडेला लागली असंल, आठवून बगा. न्हाय म्हणले. चुकली. त्यादिवशी कुणी मटण खाल्लं न्हाय धड. घरला जाऊन शालूबाईला — आमच्या मंडळींना — सांगितलं, तर ती म्हणली, बरं झालं, एक तरी माणूस हाय तुमच्यात. काय अर्थ असल त्याचा? मला न्हाय कळला. तवा न्हाय कळला.

असो. तर परवाना. फुडल्या म्हयन्यात मालकांना राज्याच्या मॅचला जायाचंय, खरं पिस्तूल, खरी गोळी, म्हणून त्यांनी लई पळापळ केली. सगळी कागदं झाली, आणि मधीच तुमच्याकडं तो निनावी अर्ज आला. दावा बगू— न्हाय, ऱ्हाऊ द्या, चष्मा न्हाय आणला. कोण करणार असलं? मलकापूरकर. दुसरं कोण? जळत्यात. काय एकेक मुद्दं काढल्यात बगा — पयला, ही माणसं बोटानं खेळत्यात, ह्यांच्या हातात पिस्तूल देऊ नये. ठीक हाय, हे कुणीबी लिव्हील. दुसरा, शेडची मागची भिंत पत्र्याची, आणि मागं वाळूचे गाभे करायच्या कोअर शॉपमधी बायका कामाला बसत्यात, गोळी पार जाईल. ह्यात तथ्य हाय, वाळूची पोती लावाय पायजेत, मी कवाधरनं म्हणालोय. पण तिसरा मुद्दा म्हंजे हद्द झाली — म्हणं रेंज ऑफिसरला धा फुटाच्या म्होरचं दिसत न्हाय! आता हे मलकापुरात बसून कुणाला— काय झालं? असं काय बगताय?

…कागद तुमच्या खिशातच हाय. व्हय. घडीसुद्धा मोडली न्हाय तुमी.

दार लोटा जरा. मालक हापिसात हायत.

अक्षर शालूबाईचं हाय, सायेब. बोलणं माझं. मला लिव्हायला सुदरत न्हाय आता, ओळीवर ओळ चढती. ती लिव्हता लिव्हता म्हणली, निनावी हाय तर खाली ‘आपला विश्वासू’ कशापायी? मी म्हणलं, अर्ज हाय, रीत सोडायची न्हाय. डोळ्याची नस सुकली म्हणत्यात डॉक्टर, दोन वरसं झाली. हितनं ते पुट्ठे— मला म्हायती हाय ते कुठं हायत, पावलं मोजल्यात मी, खिडकीपातूर सात, दारापातूर अकरा. दिसत न्हाईत. नुसतं पांढरं. आणि दर रविवारी म्हणतो, मधोमध. बोट हाय तवर कुणाला कळतंय? खरं पिस्तूल आलं की पयल्या गोळीला पुट्ठ्याला भोक पडणार न्हाय, पत्र्याला पडंल, आणि पत्र्यामागं कोण बसलं असंल… अर्ज खोटा न्हाय, सायेब. निनावी हाय, पण त्यात खोटं एक अक्षर न्हाय. खोटं एवढंच, की त्या बायकांच्या काळजीपायी केला असं मी शालूबाईला सांगितलं. तसं न्हाय. मला भ्या वाटलं. गोळीचं न्हाय. मालक परत मालक हुत्याल, आणि मी गेटावर हुभा ऱ्हातो तो रिटायर फोरमन, त्येचं. तीस वरसांत मला कोण ‘जी’ म्हणलं न्हवतं हो.

लिव्हा. वही काढा, लिव्हा की. पोती लावा म्हणावं, मग परवाना द्या. मालकांचा हात खरंच चांगला हाय, टिकलीबिगरसुद्धा. आणि आरओ अंबादास सरांना करा. आवाज न्हाय त्यांचा, पण ते चुकलेली सांगत्यात. तसला माणूस पायजे हितं.

थांबा, जाऊ नका. हे धरा. टायमर. ते लाल बटन दाबायचं, पीक् वाजंल. मी रेषेवर हाय. पाकिटात हात. आता तुमी म्हणा, ‘आर यू रेडी’ — न्हाय म्हणलं तरी चालतंय, दाबा नुसतं.

…ठो! ठो!

इचारा. कुठं, म्हणून इचारा. इचारावं लागतं, सायेब, नियम हाय.

लागली न्हाय. दोन्हीबी न्हाय. लिव्हून घ्या आणि निघा आता. दार तिकडं हाय — न्हाय, बोट दावणार न्हाय मी, रेंज चालू हाय अजून. हनुवटी बगा माझी. हां, तिकडं.