तात्यांचा पाटा करी रोडला गेला

तुम्हाला सांगतो, खोटं बोलावं, पण वीस किलोचं बोलू नये.

भोईवाड्यात आमच्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी अदलाबदलीचं दुकान लागतं ना, नको ते आणून ठेवा, हवं ते घेऊन जा, तिथे एकदा शेजारच्या चाळीतले तात्या राणे आपल्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, पाटा-वरवंटा घेऊन आले. काकू गेल्यापासून तो तसाच पडून होता.

"मुलाच्या नव्या फ्लॅटात जागा नाय रे. पण जी बाई त्यावर रोज खोबऱ्याचा वाटप करील, तिकाच दे."

आता मिक्सर सोडून पाटा कोण नेतंय? तात्या मात्र दर रविवारी यायचे, "पाटो गेलो?" म्हणून विचारायचे आणि पडल्या चेहऱ्याने परत जायचे. शेवटी एका शनिवारी मीच तो पाटा उचलून घरी नेला, खाटेखाली सरकवला, आणि दुसऱ्या दिवशी तात्यांना म्हटलं, "गेला! करी रोडच्या एक बाई घेऊन गेल्या."

"वाटतत त्यावर?"

"रोज!"

म्हातारा काय खूश झाला!

परवा ते सहज आमच्याकडे आले. खाटेवर बसून चहा पीत होते, तेवढ्यात त्यांचा चष्मा खाली पडला. उचलायला वाकले, ते वाकलेलेच राहिले. मी गार.

सावकाश वर बघत म्हणाले, "करी रोड बराच जवळ इला रे."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर तात्या शर्टाच्या बाह्या दुमडत माझ्या बायकोला विचारत होते, "सूनबाई, नारळ आसा मा घरात?"