आयेने लावलेले वार

हसू नका, पण माझ्या ब्लॉगचं वेळापत्रक माझ्या आयेने लावलंय. मी ओरोसला सरकारी ऑफिसात. आयेच्या हातचे मासे ब्लॉगवर लिहायचं ठरवलं, आणि ऑफिसच्या सवयीने वार धरले सोमवार आणि गुरुवार. महिनाभर कुणी फिरकेना. आयेला सांगितलं, तर ती उसळलीच.

"सोमवारी नि गुरवारी कोण मासे खाता रे? उपासाच्या माणसाक बांगडे कित्याक दाखवतंस? बुधवार, शुक्रवार, आयतवार धर. सकाळी साताक, लोक बाजारात जावच्या आदी!"

तसं केलं आणि वाचक वाढतच गेले. परवाच्या बुधवारी मात्र मीटिंगच्या गडबडीत, आदल्या वेळी जाहीर केलेली पेडव्यांची, त्या छोट्या माशांची, पोस्ट टाकायला मी विसरलो. दहा वाजता ब्लॉगवरच्या नंबरावर देवगडच्या एका अनोळखी बाईंचा फोन आला.

"पेडवे साफ करून ठेवलंय मी. तुमची पोस्ट खंय आसा?"

मी त्यांना घरचा नंबर दिला. आयेने सगळी कृती तोंडी सांगितली, तिरफळं किती ठेचायची तेसुद्धा.

बारा वर्षं मी ऑफिसात परिपत्रकं काढतोय. त्यांच्यासाठी कुणी कधी चहासुद्धा थांबवला नाही. माझ्या आयेसाठी देवगडात पेडवे थांबले!