बत्तीस सळ्या

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने थेंब घालून डोळे मिटून बसायला सांगितलं, तेव्हा शिवणकामवाल्या मावशींकडे उघडे उरले ते कानच. शेजारी लेथवर लोखंड कातणारे एक म्हातारे टर्नर आणि त्यांची लेक बसली होती. थेंब टर्नरनाही घातले होते, म्हणून लेकच मोबाइलवरचं वाचून दाखवत होती.

“बाबा, आपल्या संशोधनाच्या पेपरवर जर्नलचं उत्तर आलंय. तपासणाऱ्यांची एकच शंका आहे.”

“ताणाच्या चाचणीत सळ्या नीट तुटल्या नाहीत का?”

“तुटल्या. पण बत्तीसच्या बत्तीस सळ्यांच्या जाडीत केसाचाही फरक नाही म्हणतात. कुठलं कॉम्प्युटरवालं मशीन वापरलं, ते लिहा.”

“कसलं कॉम्प्युटरवालं? आपलं जुनं लेथ. हाताने चालवायचं.”

“तेच लिहिलंय मी.”

“आणि केल्या चाळीस होत्या. आठ भंगारात टाकल्या.”

“हे बोलला नाहीत कधी.”

“दाखवण्यासारख्या नव्हत्या.”

“बरं, लेखकांमध्ये तुमचंही नाव आहे.”

“काढ ते. मी त्यातली एक ओळ लिहिलेली नाही.”

“मी त्यातली एक सळी केलेली नाही.”

“आडनाव एकच. लोक म्हणतील, पोरीने बापाची वर्णी लावली.”

“म्हणू देत.”

शेजारची खुर्ची करकरली. बापलेकीला आत बोलावलं की काय, असं मावशींना वाटलं.

“पहिलं नाव कुणाचं?”

“माझं.”

“मग राहू दे. परत वाच जरा.”

“शंका?”

“नावं.”