सासूबाईंच्या लुगड्याची बाहुली

“केस माजे, लुगडं माजं, आन पोटात सुया खुपसल्यात गो बाईजा! करणी केलीय माज्यावर!”

...हे मला ऐकू यावं म्हणून नव्हतं हो बोललेलं! पण आमच्या पडवी आणि चुलीमध्ये कुडाची भिंत, कुजबूजसुद्धा चाळणीतून पीठ पडावं तशी पडते. बोलणाऱ्या माझ्या सासूबाई, सोनूबाई. ऐकणाऱ्या चुलत सासूबाई, बाईजाकाकू. आणि आत भाकऱ्या थापणारी करणीवाली ती मी, लग्नाला दोन महिने झालेली! पण बोलले का काही? छे. मी आपली गप्प.

तुम्हाला सांगते, टाचण्या होत्या त्या! डिंक वाळेपर्यंत कापड सरकू नये म्हणून लावतात, सगळ्या बाहुल्यांना लावतात, राजाला लावतात, राक्षसाला लावतात, राक्षसाने कधी तक्रार नाही केली! माझे बाबा शेणवे गावचे, तीस वर्षं शाळांतून, जत्रांतून बाहुल्या नाचवायचे. हात थरथरायला लागले तेव्हा पत्र्याची पेटी मला दिली. आत पांगाऱ्याच्या लाकडाच्या सात बाहुल्या, आणि सोबत रीत... नव्या घरी गेलीस की पहिली बाहुली तिथल्या मोठ्या माणसाची करायची, त्याचंच जुनं कापड नेसवायचं. मान असतो तो! म्हणून मी सासूबाईंच्या दांडीवरच्या फाटक्या लुगड्याचा काठ घेतला, आणि त्यांनी केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी खोबणीत साठवलेलं गुंतवळ... अहो, केस आणू कुठून? धसईच्या बाजारात भेंडी मिळते, केस मिळतात का? हळदीकुंकवाला सगळ्या बायकांसमोर नाचवणार होते. हौस! दुसरं काय!

आता बाईजाकाकूंचा सल्ला ऐका. “येकटी बाहुली नको गो, आख्खी पेटीच नदीत सोड. रविवारी, भर उन्हात. म्हंजे परत येनार नाय.” परत येणार नाही! बाहुल्यांकडे काय एसटीचा पास आहे?

नवऱ्याकडे पाहिलं. सुयोग. मुरबाडला कंपनीत सुपरवायझर, पन्नास माणसं हाताखाली, आणि आईसमोर आवाज असा, की शेजारी बसलेल्यालाही पुन्हा विचारावं लागतं. म्हणतो, “जाऊ दे ना, आईचं मन राख. मी तुला कल्याणवरनं मोठा टेडी आणतो. गुलाबी.” गुलाबी! बाबांच्या तीस वर्षांच्या बदल्यात गुलाबी अस्वल! तेव्हा तरी बोलायचं ना? मी आपली गप्प. बाबा म्हणायचे, नाचवणाऱ्याने तोंड मिटून ठेवायचं, बोलायचं ते बाहुलीने. पण इथे बाहुलीच लाल फडक्यात बांधलेली, वर लिंबू!

रविवारी वरात निघाली. पुढे सासरे, डोक्यावर पेटी. मागे सासूबाई, सुपात स्वतःचीच बाहुली. मग बाईजाकाकू, मग अर्धी आळी, शेवटी नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून. काठावर पेटी टेकली, झाकणाच्या फटीतून राजाची दोरी लोंबत होती... बाबांनी वळलेली. सासूबाई म्हणाल्या, “आधी ही टाकते, मंग पेटी.” सूप पाण्यावर धरलं. आणि मी तोंड उघडलं. एवढंस्संच.

पेटी घरी परत आली हो. ती बाहुली आता पाटावर बसते, सासूबाई स्वतः तिला शाल पांघरतात, मांजर जवळ फिरकू देत नाहीत. टाचण्या बाईजाकाकूंनी काढल्या, एकेक, फुंकर घालत, “दुखलं का गो सोनू?” विचारत. आणि मी? चहा आधी मलाच मिळतो, पण देणारा हात लांबूनच कप सरकवतो. तेव्हा संशय होता, आता खात्री झालीय! हळदीकुंकू रद्द. सुयोग झोपताना मध्ये उशी ठेवतो. सात बाहुल्या शाबूत आहेत, बघायला एक माणूस नाही. माझ्याशी सगळं घर गप्प.

असं बोलले तरी काय मी? काळजीच केली हो, सुनेने करावी तशी. म्हटलं,

“आई, टाका की. फक्त करणी खरी असली तर... तुम्हाला पोहता येतं ना?”